स्पेनला शिकायला जाताय? आधी गल्लीतलं मंडळ शोधा

व्हॅलेन्सियात मी ज्या इमारतीत राहायला गेले, तिच्या तळमजल्यावर एक गाळा होता. दिवसभर शटर बंद. संध्याकाळी आठनंतर आत दिवे लागायचे, लांब टेबलं मांडली जायची, म्हातारी माणसं पत्ते खेळत बसायची आणि पोरं त्यांच्या पायांतून धावायची. मी त्याला खानावळ समजले आणि एका शुक्रवारी आत जाऊन कॉफी मागितली. कॉफी मिळाली, पण पैसे कुणी घेईना. भिंतीवर ओळीनं फोटो लावलेले होते. दर वर्षाचा एक, प्रत्येकात रेशमी पोशाखातली एक मुलगी, छातीवर तिरका पट्टा. कोपऱ्यात पावतीपुस्तकं, एका खुर्चीवर बॅनरची गुंडाळी, फळ्यावर कुणाकडून किती येणं बाकी आहे त्याची यादी.

मी पिंपळगाव बसवंतची. ती यादी पाहिल्यावर मला कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही. हे मंडळाचं कार्यालय होतं.

तिथे त्याला ‘कासाल’ म्हणतात आणि मंडळाला ‘कोमिसियोन’. मार्चमध्ये येणाऱ्या ‘फायास’ या उत्सवासाठी ते वर्षभर राबतं. फळबागशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायला मी तिथे दोन वर्षं होते आणि स्पेनचे सण मला कळले ते त्या गाळ्यातून. नव्यानं जाणाऱ्या मुलामुलींना मी म्हणूनच एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगते. प्रसिद्ध उत्सवांच्या मागे गावोगाव धावण्याआधी तुमच्या गल्लीत कोण, कशासाठी, कोणत्या संध्याकाळी जमतं ते शोधा. सेव्हिलला चर्चचे बंधुसंघ असतात, पाम्प्लोनाला ‘पेन्या’ असतात, कातालोनियात मनोरे रचणाऱ्यांच्या ‘कोया’ असतात. नावं वेगळी, पण प्रत्येकाच्या मुळाशी वर्गणी, जागरण, रुसवेफुगवे आणि पुढच्या वर्षीची काळजी सारखीच असते. आपल्याला हे रक्तातूनच कळतं. स्पेनमध्ये मराठी विद्यार्थ्याच्या हाताशी असलेली ही मोठी शिदोरी आहे आणि बहुतेक जण ती न उघडताच परत येतात.

आधी सुट्ट्यांचं गणित, कारण तिथेच नवखी माणसं अडतात. स्पेनमध्ये वर्षाला चौदा सार्वजनिक सुट्ट्या असतात. त्यांतल्या काही देशभर, काही त्या त्या प्रांताच्या आणि दोन फक्त त्या गावाच्या. म्हणजे २२ जानेवारीला व्हॅलेन्सिया शहरात संत व्हिसेंतेची सुट्टी असते, तेव्हा माद्रिदमधल्या तुमच्या मैत्रिणीचे तास नेहमीसारखे चालू असतात. सुट्टी गुरुवारी आली की शुक्रवारही जोडून घेतात, त्याला ‘पुएन्ते’ म्हणजे पूल म्हणतात. डिसेंबरात ६ तारखेला संविधान दिन आणि ८ तारखेला मारियामातेचा सण. ते आठवड्याच्या मधोमध आले तर सगळा आठवडाच लंगडा होतो. अशा काळात सरकारी काम धरू नका. टीआयई कार्डासाठी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्याच्या ओळखपत्रासाठी, पोहोचल्यापासून महिन्याभरात अर्ज करायचा असतो आणि त्याची वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते. मी ती वेळ शोधायला लागले ऑक्टोबरच्या सुरुवातीला. ९ तारखेला प्रांताचा दिवस, १२ तारखेला राष्ट्रीय दिवस. दोन्हींच्या मधल्या दिवसांतही मोकळी वेळ मिळेना आणि त्या आठवड्यात मला झोप लागली नाही. तुम्ही विमानतळावरून घरी पोहोचलात की त्याच संध्याकाळी शोधायला बसा. आणि सणाच्या आदल्या दिवशी दूध, भाजी, पाव आणून ठेवा. मोठी दुकानं खरोखर बंद असतात.

९ ऑक्टोबर मात्र चुकवू नका. १२३८ साली राजा जाउमे पहिला याने व्हॅलेन्सिया शहरात प्रवेश केला, त्याची ही आठवण. त्याच दिवशी संत दिओनिसचा सण असतो आणि पुरुष आपल्या प्रिय बाईला रुमालात बांधून बदामाच्या मिठाया देतात. बदाम आणि साखरेचा लगदा, त्याची इवली इवली फळं, भाज्या केलेल्या. मिठाईवाल्यांच्या काचेमागे त्यांच्या राशी लागतात. माझ्या कासालमधल्या एका आजोबांनी आजींना दिलेला रुमाल आजींनी सगळ्यांसमोर सोडला आणि त्यातलं एक बदामी लिंबू माझ्या हातावर ठेवलं. परक्या देशातला माझा पहिला सण तो.

आता फायास. १ ते १९ मार्च. १९ तारीख संत जोसेफची, आणि तो सुतारांचा संत. हिवाळाभर सुतार दिव्याच्या उजेडात काम करायचे, वसंत आला की दिव्याचे लाकडी खांब आणि उरलेल्या ढलप्या रस्त्यावर पेटवायचे, असं या सणाचं मूळ सांगतात. पुढे त्या खांबांवर जुने कपडे चढले, त्यांची माणसं झाली, माणसांना चेहरे आले, आणि चेहरे गल्लीतल्या कुणाकुणाशी जुळायला लागले. आज शहरात साडेतीनशेहून जास्त मंडळं आहेत. प्रत्येक मंडळ एक मोठी आणि एक लहान मुलांसाठीची, अशा दोन फाया, म्हणजे बाहुल्यांचे देखावे, उभ्या करतं. काही फाया चार-पाच मजली इमारतीएवढ्या असतात. फायेतल्या प्रत्येक बाहुल्याला ‘निनोट’ म्हणतात. मंत्री, महापौर, फुटबॉलवाले, घरभाडं वाढवणारे मालक, कुणाचीच गय केलेली नसते. बाहुल्यांच्या पायाशी व्हॅलेन्सियन भाषेत छोटे फलक असतात. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि वाचायला सोबत गल्लीतलं माणूस घ्या. पुण्या-नाशकात आपण देखावे बघत रात्र काढतो, तसंच हे. फरक इतकाच, की इथला देखावा टोचायलाच केलेला असतो.

१ मार्चपासून रोज दुपारी दोन वाजता नगरपालिकेसमोरच्या चौकात ‘मास्कलेता’ होते. लख्ख उन्हात फटाके कशाला, असं मला वाटलं होतं. पण मास्कलेता बघायची गोष्ट नव्हे, ऐकायची आहे. सज्जातून फायेरा मायोर, म्हणजे त्या वर्षीची उत्सवाची मानकरी मुलगी, दारूकाम करणाऱ्याला सुरू करायची परवानगी देते. मग पाच-सात मिनिटं ताल चढत जातो. आधी सुटे सुटे ठोके, मग जोड, मग दुगण, आणि शेवटी जमिनीवरची सगळी दारू एकदम पेटते. त्या शेवटाला ते ‘भूकंप’ म्हणतात. पोटात, दातांत, पायांखाली तो जाणवतो. ढोलपथकाच्या शेजारी उभं राहून छातीत ठोका घेतलेल्याला हे लगेच कळेल. माझ्या शेजारी एक आजोबा डोळे मिटून बोटांनी ताल धरत होते आणि संपल्यावर शेजाऱ्याला म्हणाले, आज मधला भाग ढिला पडला. एक सूचना मनापासून: तोंड थोडं उघडं ठेवा, कानांवर दाब कमी येतो. कान नाजूक असतील तर चौकात न जाता दोन गल्ल्या मागे उभ्या राहा. तास-दीड तास आधी पोहोचावं लागतं.

१५ तारखेच्या रात्री सगळ्या फाया उभ्या झालेल्या असाव्या लागतात. ती रात्र मी कासालमध्ये काढली. क्रेननं वरचा भाग बसवताना खाली तीसएक माणसं मान वर करून, श्वास रोखून उभी होती. पहाटे कुणीतरी पातेलंभर गरम चॉकलेट आणलं, आणि सोबत ‘बुन्युएलो’. लाल भोपळ्याचा गर आणि मैदा आंबवून, मधे भोक पाडून तळलेले, वर साखर. पहिला घास घेतला आणि मला आईचे घारगे आठवले. चव तीच नाही, पण नातेवाईक नक्की.

१७ आणि १८ तारखेला ओफ्रेन्दा. लाखभर माणसं पारंपरिक पोशाखात, मंडळामागून मंडळ, दुपारपासून मध्यरात्र उलटेपर्यंत माउलीच्या चौकात फुलं घेऊन जातात. तिथे मारियामातेचा उंच लाकडी सांगाडा उभा असतो. चढलेली माणसं खालून फेकलेले कार्नेशनचे गुच्छ झेलून त्यात खोचत जातात आणि दोन दिवसांत तिचा झगा फुलांनी विणून होतो. बायकांच्या अंगावर हातमागाचं ‘एस्पोलिन’ असतं, जरीच्या फुलांचं रेशीम. ते आईकडून मुलीकडे येतं, सणापुरतं निघतं, पुन्हा कपाटात जातं. आपल्या पैठणीसारखंच. याच शहरातली पंधराव्या शतकातली रेशीमबाजाराची इमारत जागतिक वारसा आहे, हे त्या कापडाकडे बघून समजतं. त्या रात्री माझ्या मजल्यावरच्या आजी चौकात पोहोचल्या आणि हंबरून रडल्या. त्या वर्षी त्यांच्या घरात मृत्यू झाला होता. मी हात धरून उभी राहिले. त्या वेळी बोलायची गरज नसते.

आणि १९ च्या रात्री हे सगळं जाळतात.

आधी मुलांच्या फाया, मग मोठ्या, शेवटी नगरपालिकेची. वर्षभराचे पैसे, कलाकाराचे महिने, सगळं काही मिनिटांत. दोनच निनोट वाचतात, मोठ्या फायांतला एक आणि मुलांच्या फायांतला एक. प्रदर्शनाला येणारे लोक मत देऊन त्यांना अभय देतात आणि ते संग्रहालयात जातात. ही प्रथा १९३४ पासूनची. आमच्या गल्लीत अग्निशमन दलाची माणसं भिंतींवर पाणी मारत होती, मंडळाची मानकरी मुलगी वात पेटवून मागे सरली आणि ज्वाळा पहिल्या मजल्याच्या वर गेल्या तेव्हा ती हुंदके देत होती. तिच्याभोवती पन्नाशीचे बाप्येसुद्धा रडत होते. विसर्जनाच्या घाटावर मूर्ती पाण्याखाली जाताना जे होतं, तेच आगीसमोर. एक मात्र स्पष्ट सांगते. आज बऱ्याच फाया थर्माकोलच्या असतात आणि धूर काळा, घशाला झोंबणारा निघतो. दमा असेल तर वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला, लांब उभ्या राहा. लाकूड आणि पुठ्ठ्याकडे परतणारे काही कलाकार आहेत, ते वाढावेत असं मला फार वाटतं. २०१६ साली युनेस्कोनं या सणाला मानवतेचा वारसा म्हणून मान्यता दिली. वारसा टिकवायचा तर ज्या हवेत तो साजरा होतो तीही टिकायला हवी.

मंडळात शिरायचं कसं, हे मला सगळे विचारतात. रीतसर सभासद व्हायला मासिक वर्गणी असते आणि विद्यार्थ्याला ती जड जाते. पण त्याची गरज नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जा, मी अमुक नंबरच्या इमारतीत राहते असं सांगा, आणि काम विचारा. खुर्च्या उचला, कांदे चिरा. रविवारी रस्त्यावर लाकडाच्या जाळावर पाएया, म्हणजे तिथला भात, शिजते तेव्हा मदतीला उभ्या राहा. पाएयात कोंबडी आणि ससा असतो, शाकाहारी असाल तर आधी सांगा. आणि सांगताना नुसतं ‘कार्ने नाही’ म्हणून थांबू नका, कारण माझ्या अनुभवात डुकराचं खारवलेलं मांस, हामोन, पुष्कळांच्या डोक्यात ‘मांस’ या शब्दात येतच नाही. “नो कोमो कार्ने, नि पेस्कादो, नि हामोन,” म्हणजे मांस, मासे, हामोन, असं तिन्ही नावांनी सांगा. माझ्यासाठी त्यांनी दुसऱ्या रविवारपासून आर्टिचोक आणि घेवड्याची वेगळी कढई चढवली. कुणी उपकाराच्या सुरात बोललं नाही.

व्हॅलेन्सियाच्या दक्षिणेला अल्जेमेसी नावाचं गाव आहे, रेल्वेनं सहज जाता येतं. तुमचं सत्र सुरू व्हायच्या सुमारास, ७ आणि ८ सप्टेंबरला, तिथे ‘मुइशेरांगा’ होते. पट्ट्यापट्ट्यांच्या, ठिगळी रंगांच्या कपड्यांतली माणसं एकमेकांच्या खांद्यांवर चढून मनोरे रचतात. सोबत ‘दोल्सायना’ वाजते, दोन पात्यांचं वाद्य, डोळे मिटले तर सनईच. आपल्याकडे दहीहंडीचे थर पाहिलेल्याला पहिल्यांदा वाटतं, यांची उंची कमी आहे. पण इथे हंडी नाही, बक्षीस नाही. वर चढलेलं पोर हात पसरतं, क्षणभर सगळं स्तब्ध होतं, आणि मनोरा शांतपणे उतरतो. हे सगळं गावच्या देवीपुढे, प्रार्थना म्हणून. बार्सिलोना-तारागोनाकडचे उंच ‘कास्तेल्स’ यातूनच वाढले असं मानतात. त्यांचा हिशेब मला फार आवडला: मनोरा रचला तर काही गुण, पण पूर्ण यश तो न कोसळता उतरवला तरच. बार्सिलोनाकडे शिकणाऱ्यांनी विद्यापीठाच्या कोयात नक्की जावं. खाली गर्दी करून आधार देणाऱ्यांत नवख्यांनाही उभं करतात, आणि भाषा येत नसली तरी कुणाच्या तरी पाठीला छाती लावून उभं राहता येतं.

सेव्हिलच्या पवित्र आठवड्याबद्दल, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्याबद्दल, पुष्कळ लिहिलं जातं, मी जे पाहिलं तेवढंच सांगते. तारीख आधी. ईस्टर म्हणजे वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार. तिथी बघायची सवय असलेल्या आपल्याला हे सोपं आहे: बहुतेक वर्षी ती पौर्णिमा आपल्या हनुमान जयंतीची, कधी होळीची. भिंतीवर मराठी कॅलेंडर टांगलं होतं, त्यावरून मी सुट्टीचा अंदाज बांधायचे आणि वर्गातल्या मुली चकित व्हायच्या.

त्यांतल्या एकीच्या घरी मी सेव्हिलला गेले. तिचे वडील ‘कोस्तालेरो’, म्हणजे पालखी वाहणारे. ‘पासो’ ही त्यांची पालखी टनावारी वजनाची: चांदी, मेणबत्त्या, फुलं, वर येशू किंवा शोकाकुल मारिया. तीस-चाळीस माणसं तिच्या पोटात, पडद्याआड, मानेच्या मणक्यावर वजन घेऊन चालतात. डोक्यावर कापडाची गुंडाळी बांधतात. ती बांधताना मी पाहिली आणि माझ्या तोंडून ‘चुंबळ’ हा शब्द निघाला. पाण्याच्या हंड्याखाली आजी ठेवायची तीच. बाहेर चालणारा पुढारी चांदीच्या ठोक्यानं इशारा देतो, आतली माणसं एका झटक्यात पासो उचलतात आणि मेणबत्त्यांच्या ज्योती एकदम थरथरतात. तिच्या वडिलांना रस्ता दिसत नव्हता, लोक दिसत नव्हते, त्यांना लोकही पाहत नव्हते. कित्येक महिने रात्री वजन बांधून सराव केलेला. मी विचारलं, कशासाठी? ते म्हणाले, “माझे वडील वाहायचे.” वारीत चालणाऱ्याला विचारलं तर तो तरी वेगळं काय सांगेल?

मिरवणुकीत पुढे टोकदार उंच टोप्या आणि चेहरा झाकणारे झगे घातलेले ‘नासारेनो’ चालतात. पहिल्यांदा पाहून पुष्कळ परदेशी मुलं दचकतात, कारण अमेरिकेतल्या ‘कू क्लक्स क्लॅन’ या वर्णद्वेष्ट्या टोळीचा वेश डोळ्यांसमोर येतो. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. हा प्रायश्चित्ताचा वेश आहे. चेहरा झाकायचा तो पाप कुणाचं आहे ते देवाशिवाय कुणाला कळू नये म्हणून. लहान मुलं चांदीच्या कागदाचा गोळा घेऊन त्यांच्याजवळ जातात, नासारेनो मेणबत्ती तिरकी करतो आणि दोन थेंब मेण गोळ्यावर पाडतो. वर्षानुवर्षं तो गोळा वाढत जातो. मैत्रिणीच्या कपाटात तिच्या लहानपणचा गोळा होता, नारळाएवढा. गुरुवार-शुक्रवारच्या मधली रात्र, ‘माद्रुगा’, जागून काढाच. खुर्च्यांचे पैसे भरू नका. अरुंद गल्लीच्या वळणावर उभ्या राहा, वरच्या गच्चीतून कुणीतरी ‘साएता’ हे भक्तिगीत गायला लागलं की पासो थांबतो आणि हजार माणसांत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होते. फोन खिशात ठेवा. खायला ‘तोरिहा’ मिळतात, दुधात भिजवून तळलेला पाव, शाकाहारींना चालतो, अंड्याचं तेवढं बघा.

सेव्हिलची एप्रिल जत्रा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. १८४७ साली गुरांच्या बाजारातून ती सुरू झाली. हजारावर मांडव असतात, पण बहुतेक खासगी, ओळखीशिवाय आत प्रवेश नाही. ओळख नसेल तर महापालिकेच्या सार्वजनिक मांडवात जा. ओळख नसताना फक्त त्यासाठी प्रवास करावा असं मी म्हणणार नाही. २३ एप्रिलचा बार्सिलोनाचा सान जोर्दी मात्र कुणालाही मोकळा आहे. सुट्टी नसते, तरी सगळं शहर रस्त्यावर, प्रत्येकाच्या हातात गुलाब आणि पुस्तक. जागतिक पुस्तक दिनासाठी युनेस्कोनं १९९५ साली हीच तारीख निवडली. आणि २३ जूनच्या रात्री, परीक्षा संपत आल्या असतील तेव्हा, व्हॅलेन्सियाच्या माल्वारोसा किनाऱ्यावर शेकोट्या पेटतात. मध्यरात्री लोक समुद्रात शिरून लाटांवरून उड्या मारतात. जुनी चादर आणि कोरडे कपडे न्या, पाकीट घरी ठेवा.

पाम्प्लोनाच्या सान फेर्मिनबद्दल माझं मत ठाम आहे: बैलांपुढे धावू नका. ७ ते १४ जुलै रोज सकाळी आठला, साडेआठशे मीटरच्या आसपासचा रस्ता, काही मिनिटांचा खेळ. गेल्या शंभरएक वर्षांत तिथे सोळा जणांचा जीव गेला आहे. तिथली धावणारी मंडळी वर्षानुवर्षं वळणं शिकतात, आणि त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटते ती न समजता मधे घुसणाऱ्या पाहुण्याची. तुमच्या आईवडिलांनी कर्ज काढून तुम्हाला पाठवलं असेल तर हा विचार दुसऱ्यांदा करायचीही गरज नाही. त्याच दिवसांत सकाळी १८६० साली घडवलेले आठ राजाराणी, उंचच उंच पुतळे, रस्त्यांवरून नाचत जातात आणि मुलं त्यांच्या मागे धावतात. मी ते पाहिलं, संध्याकाळी बैलांची झुंज असते ती पाहिली नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी, व्हॅलेन्सियापासून चाळीसेक किलोमीटरवर बुन्योलला टोमॅटोची लढाई होते. २०११ च्या एका हिंदी चित्रपटामुळे आपल्या मुलांना स्पेन म्हटलं की आधी तीच आठवते. १९४५ पासून सुरू, मधे बंदीही आली होती, २०१३ पासून तिकीट लागतं. जाणार असाल तर बंद बूट, पोहण्याचा चष्मा, टाकून देता येतील असे कपडे, टोमॅटो हातात चिरडून मगच फेकायचा, दुसरा बार झाला की थांबायचं. गावातले लोक घराबाहेर पाण्याचे पाइप घेऊन आपल्याला धुऊन काढतात, तो भाग फार प्रेमळ आहे.

पण मी फेकू शकले नाही. आमच्या पिंपळगावच्या बाजार समितीत टोमॅटोच्या क्रेटांच्या थप्प्या बघत मी वाढले. भाव पडले की शेतकरी भरलेले क्रेट रस्त्यावर ओततात, ते मी लहानपणी अण्णांच्या मोटरसायकलवर पुढे बसून पाहिलंय. अण्णा एक शब्द बोलले नव्हते. बुन्योलला वापरतात ते टोमॅटो खाण्याच्या बाजारात जाणारे नसतात, हे मला ठाऊक होतं. तरी पहिला ट्रक आला आणि तो वास आला, तशी मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. सोबतच्या मैत्रिणींचा आनंद खरा होता आणि माझा अडखळाही खरा होता. तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले असाल तर हे आधी माहीत असावं म्हणून लिहिलं.

नाताळाचे दिवस तिथे २२ डिसेंबरला सुरू होतात. सकाळपासून दूरदर्शनवर शाळकरी मुलं लॉटरीचे आकडे गाऊन सांगतात, आणि बसमध्ये, दवाखान्यात, मासळीबाजारात तेच सूर चालू असतात. वीस युरोचं तिकीट विकत घेऊ नका, मंडळानं काढलेल्या तिकिटातला छोटा वाटा घ्या. त्यावरची जादा रक्कम फायेला जाते. आख्ख्या गल्लीकडे एकच आकडा असतो, आणि लागला तर सगळ्यांना लागतो. मग ५ जानेवारीला तीन राजांची मिरवणूक. व्हॅलेन्सियात ते बोटीनं बंदरात उतरतात. मुलं रात्री बूट मांडून ठेवतात आणि ६ तारखेला घरोघर ‘रोस्कोन’ कापतात, सुक्या फळांनी मढवलेली गोल गोड भाकरीच म्हणा. आत एक छोटी मूर्ती लपवलेली असते आणि एक घेवड्याचं बी. मूर्ती मिळाली तर मुकुट, बी मिळालं तर रोस्कोनचे पैसे तुमचे. भेटी त्याच दिवशी देतात, म्हणून कुणाच्या घरी बोलावलं तर २५ डिसेंबरपेक्षा ६ जानेवारीला रिकाम्या हातानं जाऊ नका. घरून चिवडा-शंकरपाळी आली असतील तर ती न्या. तूप आहे ते सांगा.

या दोन्हींच्या मधे ३१ तारीख. रात्री बाराला माद्रिदच्या पुएर्ता देल सोलच्या घड्याळाकडे सगळा देश टीव्हीतून बघतो. आधी चार जोडठोके पडतात, तेव्हा थांबायचं, नवखी मुलं तिथेच चुकतात. मग बारा टोल, आणि प्रत्येक टोलाला एक द्राक्ष तोंडात. बारा संपेपर्यंत बारा खाल्ली तर वर्ष चांगलं जातं.

कासालमध्ये कागदी वाट्यांत मोजून बारा-बारा द्राक्षं ठेवलेली होती. मी एक उचलून उजेडात धरलं. फिकट, पिवळसर, सालीला जाडी. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी असते आणि इथे ऐन थंडीत वेलीवरचं ताजं द्राक्ष कसं, असं मी विचारलं. आलिकान्तेच्या विनालोपो खोऱ्यातली आहेत, एकानं सांगितलं, प्रत्येक घडाला कागदाची पिशवी घालतात, पिशवीत तो सावकाश पिकतो, डिसेंबरपर्यंत थांबतो. मी तिथेच खाली बसले. थंडीत मणी गुलाबी पडू नयेत म्हणून आम्ही घडांना वर्तमानपत्राचा कागद लावतो. शाळा सुटल्यावर आई, मी आणि धाकटा भाऊ, रांगेनं, स्टेपलर घेऊन.

बारावं द्राक्ष संपवून मी फोन लावला. घरी पहाटेचे साडेचार वाजले होते. अण्णा जागे होते. निफाडकडे पारा घसरला होता आणि ते बागेत ड्रिप सोडून, बांधावर शेकोटी पेटवून बसले होते. मी सगळं सांगितलं, कागदाच्या पिशव्यांचंही. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्यांना बांधावर भाव काय मिळतो गं?”

मला माहीत नव्हतं. पुढच्या डिसेंबरात तेवढं विचारायला मी गाडी पकडून नोव्हेल्दाला गेले आणि एका बागवानाच्या शेडमध्ये दिवसभर घड साफ करत बसले.